नैराश्य पडद्यावर दिसतं तसं घरात का दिसत नाही?

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या २७ वर्षांच्या धाकट्या भावाला महिन्याभरापूर्वी नैराश्याचं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. घरात ते कुणाच्याच गळी उतरत नाही, कारण तो रोज कामावर जातो आणि रात्री जेवताना हसतोसुद्धा. "सिनेमात डिप्रेशनवाला माणूस असा नसतो," असं आईचं म्हणणं. समुपदेशकाकडे दोनदा जाऊन आला, पण एकदाही मोकळा रडला नाही, मग उपचार लागू पडतायत हे ओळखायचं कसं, असं ताई विचारतात. या आजारावरचे चित्रपट त्याच्यासोबत बसून बघावेत का आणि कुठले, हेही त्यांना हवं आहे.

ताई, परळ-लालबाग भागात मी बरीच वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि तुमच्या आई जे म्हणाल्या ते माझ्या टेबलासमोर जवळजवळ रोज कुणीतरी म्हणतं. त्यांच्यावर रागावू नका. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. मनोविकार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हेही त्याच पाहणीत दिसलं. म्हणजे हा आजार आपल्या चाळींमध्ये, इमारतींमध्ये, नात्यागोत्यात कायम होताच, फक्त त्याला "तापट", "एकलकोंडा", "आळशी", "तिचं काही खरं नाही" अशी नावं होती. नैराश्य या नावानिशी तो पहिल्यांदा भेटला तो सिनेमात. त्यामुळे आई पडद्यावरच्या माणसाशी मुलाची तुलना करतात यात नवल काय?

पडद्यावरचा तो माणूस फार जुना आहे. देवदास १९३५मध्ये आला, १९५५मध्ये आला, २००२मध्ये पुन्हा आला. दर वेळी त्याचं दुःख देखणं होतं. प्रेमभंग, दारू, पाऊस, रात्र आणि मागे सुरेल गाणं. दुःखात माणूस अधिक खोल, अधिक सुंदर दिसतो असं त्या प्रतिमेनं आपल्याला शिकवलं. माझ्यासमोर येणाऱ्या माणसाचे केस चार दिवस धुतलेले नसतात, बहिणीचे सात मिस्ड कॉल तसेच पडलेले असतात आणि लाइटबिल भरायचं राहून गेलेलं असतं. तो स्वतःला खोल वगैरे समजत नाही, बिनकामाचा समजतो. दिलीपकुमारांची एक गोष्ट मला त्यांच्या देवदासपेक्षा महत्त्वाची वाटते. एकामागून एक शोकांतिका करताना मनावर इतका ताण आला की त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि त्यानंतर 'आझाद'सारखे हलकेफुलके चित्रपट हाती घेतले. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. कीर्तीच्या शिखरावर असलेला, कामात बुडालेला माणूस मदत मागायला गेला. तो प्रसंग मात्र कुणी पडद्यावर आणला नाही.

आता तुमच्या भावाचं संध्याकाळचं हसणं.

सिनेमात नैराश्य रात्रीचं असतं. माझ्या अनेक रुग्णांचं ते पहाटेचं असतं. गजर सहाचा असताना चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि समोर अख्खा दिवस असतो. दिवस चढतो तसतसा भार थोडा हलका होत जातो. संध्याकाळी सात-आठला हाच माणूस चहा मागतो, पुतण्याशी दोन शब्द बोलतो, टीव्हीवर काही बघून हसतो. घरचे त्याला नेमके याच वेळी बघतात, कारण सकाळी सगळ्यांचीच धावपळ असते. मग "आत्ता तर बरा होता, सकाळीच कसं होतं याला?" असा संशय सुरू होतो. नैराश्याच्या तीव्र प्रकारांत सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी हा चढउतार इतका ठरावीक असतो की आम्ही तो मुद्दाम विचारून नोंदवतो. त्याचं हसणं खरं आहे, आणि पहाटेचा दगडही खरा आहे.

कामावर जाण्याचंही तसंच. माझे एक रुग्ण होते, तपशील बदलून सांगते. फोर्टमध्ये नोकरी, घर ठाण्याला. ते वेळेवर घरून निघायचे, डबा घेऊन, बूट पॉलिश करून. फलाटावर बाकड्यावर बसायचे. गाडी यायची, ते उठायचे नाहीत. दुसरी यायची, तीही जाऊ द्यायचे. "गर्दी होती का?" असं मी विचारलं. म्हणाले, "नाही मॅडम, सीएसएमटी गाडी ठाण्याहूनच सुटते, बसायला मिळालं असतं. पण चढायचं की नाही हेच ठरत नव्हतं." कधी पाऊण तास, कधी त्याहून जास्त. मग कसंबसं ऑफिस, तिथे लेट मार्क, साहेबांची बोलणी, आणि घरी आल्यावर काहीच नाही, कारण घरच्यांच्या लेखी ते वेळेवर निघालेले असायचे. आमच्या पुस्तकांत याला निर्णयक्षमता मंदावणं म्हणतात. कॅमेऱ्याला हे टिपणं कठीण आहे, कारण बघायला काहीच घडत नाही, एक माणूस बाकड्यावर बसलेला दिसतो एवढंच.

ज्या थोड्या चित्रपटांनी हे "काहीच न घडणं" दाखवलंय त्यात लार्स फॉन ट्रीअर यांच्या 'मेलंकोलिया' (२०११) या चित्रपटातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. मोठी बहीण धाकटीला अंघोळीला नेते. टब भरलेला आहे, धाकटी टबापाशी उभी आहे, आणि तिला पाय उचलून आत टाकता येत नाही. पायाला काही झालेलं नाही. ती प्रयत्न करते, बहीण आधार देते, तरी पाय उचलत नाही. पुढे तिच्या आवडीचा पदार्थ करून तिला टेबलापाशी आणतात, ती एक घास घेते आणि राखेची चव लागते म्हणून रडते. कशातच राम न वाटणं आपण सहज बोलून जातो, पण जिभेवरची चवसुद्धा जाऊ शकते हे या घासातून जितकं कळतं तितकं माझ्या तासाभराच्या बोलण्यातून कळणार नाही. कर्स्टन डन्स्टला या भूमिकेसाठी कान महोत्सवात पुरस्कार मिळाला होता. बाकी तो सिनेमा जड आहे, पृथ्वीच्या नाशाची गोष्ट आहे. तुमच्या भावाला आत्ता अजिबात दाखवू नका. तुम्ही आणि आई मिळून तेवढा अंघोळीचा प्रसंग बघा, आणि मग "साधी अंघोळ करायला काय होतं?" हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो का पाहा.

निदानाची शंका असेल तर थोडक्यात सांगते. सतत उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं, आणि झोप, भूक, थकवा, मंदावलेल्या किंवा अस्वस्थ हालचाली, अपराधीपणा, एकाग्रता, मरणाचे विचार हे सगळं धरून नऊपैकी पाच लक्षणं, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे. रडणं त्यात सक्तीचं नाही. अनेकांना रडूच येत नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटतं. आपल्याकडे तर बरेच लोक आधी पोटाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे फिरून येतात, कारण डोकं जड होणं, पाठ भरून येणं, अ‍ॅसिडिटी, अंगात त्राण नसणं हेच त्यांना सांगता येतं. पडद्यावर मी पाठदुखीवालं नैराश्य अजून पाहिलेलं नाही.

सिनेमाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कारण. गोष्ट म्हटली की कारण आलंच: निकाल, प्रेमभंग, आईवडिलांचं वेगळं होणं. 'छिछोरे'मध्ये (२०१९) प्रवेश परीक्षेचा निकाल हे कारण होतं. अपयशाबद्दल आईबापांना बोलतं करणारा सिनेमा म्हणून मला त्याचा आदर आहे, आणि कोचिंग क्लासला मुलं घालणाऱ्या कित्येक पालकांनी तो बघून माझ्याकडे नीट प्रश्न विचारले आहेत. पण प्रत्यक्षात कारण कधी सापडतं, कधी चार छोटी कारणं मिळून असतात, कधी मामाला, आजीला असलेला त्रास वंशात उतरलेला असतो, आणि कधी काहीच हाती लागत नाही. तुमच्या घरी "काय कमी आहे तुला?" हे वाक्य किती वेळा म्हटलं गेलं असेल याचा मला अंदाज आहे. तो प्रश्न त्याने स्वतःला त्याआधीच विचारलेला असतो, आणि उत्तर "काहीच नाही" असं आल्यामुळे तो जास्त खचलेला असतो.

उपचारांकडे येते, कारण तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात निकडीचा वाटतो. भाऊ रडला नाही म्हणून उपचार फसले असं तुम्हाला वाटतंय. ही समजूत 'डिअर जिंदगी'सारख्या (२०१६) चित्रपटांनी घट्ट केली. त्या सिनेमाने केलेलं काम मोठं आहे, हे आधी सांगते. तो आल्यानंतर विशी-पंचविशीतल्या मुली घरी न लपवता माझ्याकडे येऊ लागल्या. त्यात नायिकेचं थेरपिस्टवर मन जडतं आणि तो प्रेमाने पण स्पष्टपणे नकार देतो, तो भाग आमच्या व्यवसायाच्या मर्यादा नीट दाखवतो. परंतु उपचार तिथे समुद्रकिनाऱ्यावर चालता चालता होतात, लहानपणीची एक जखम सापडते, बांध फुटतो आणि गाडी रुळावर येते. गोळीचा उल्लेखही येत नाही. नायिकेची अवस्था तुमच्या भावाच्या आजाराएवढी खोल नाही हेही खरं, मात्र प्रेक्षक हा फरक करत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. पहिल्या आठवड्यात गोळीने बरं वाटण्याआधी मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, जरा जास्त अस्वस्थता असं होऊ शकतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर घरचे म्हणतात, "बघ, गोळ्यांनीच बिघडलं." गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम पुष्कळांना होतो, लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी सोडतं. भावाला सांगा, हे डॉक्टरांना सांगता येतं आणि त्यावर उपाय असतात. या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून त्या हळूहळू कमी करायच्या असतात. पूर्ण बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात. कुठला दिग्दर्शक हे नऊ महिने दाखवणार?

तर गुण ओळखायचा कसा? एखाद्या मोठ्या क्षणाची वाट बघू नका. पहाटे चारऐवजी साडेपाचला जाग आली का, दाढी न सांगता केली का, डब्यातली भाजी उरली का संपली, मित्राच्या मेसेजला उत्तर दिलं का, हे बघा. पुष्कळदा आधी झोप सुधारते, मग भूक, मग हालचाल, आणि "मला बरं वाटतंय" हे शब्द सगळ्यात शेवटी येतात. घरच्यांना फरक आधी दिसतो, रुग्णाला नंतर जाणवतो. एक सावधगिरी इथेच सांगते. अंगात शक्ती परत आलेली असते पण मन अजून वर आलेलं नसतं, असा मधला काळ जोखमीचा असतो. "आता हिंडायला-फिरायला लागला" म्हणून या दिवसांत लक्ष काढून घेऊ नका.

शॉक ट्रीटमेंटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आईंच्या मनात ते असणार. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'ने (१९७५) शुद्धीतल्या माणसाला शिक्षा म्हणून शॉक देतात ते दाखवलं, आणि आपल्या हिंदी सिनेमांनीही तोच छळ वर्षानुवर्षं वापरला. आजचा उपचार भूल देऊन, स्नायू शिथिल करून, काही मिनिटांत होतो. भूल न देता शॉक देण्यावर आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. त्या काळापुरत्या आठवणी पुसट होण्याचा त्रास होऊ शकतो, तो लपवायचं कारण नाही. परंतु ज्याने अन्नपाणी सोडलंय किंवा ज्याच्या जिवाला धोका आहे अशा रुग्णाला त्याने परत आणलेलं मी पाहिलं आहे.

आता बघावेत असे चित्रपट. पहिला दार्देन बंधूंचा 'टू डेज, वन नाइट' (२०१४). बेल्जियममधल्या एका कारखान्यातली कामगार बाई नैराश्याच्या रजेवरून परत कामावर रुजू व्हायला निघाली आहे. मालकाने सोळा सहकाऱ्यांसमोर पर्याय ठेवलाय: हजार युरो बोनस घ्या किंवा तिची नोकरी राहू द्या. शनिवार-रविवारात तिला एकेकाचं दार वाजवून विनंती करायची आहे. एवढीच गोष्ट. ती दोन दारं वाजवते आणि गाडीत येऊन कोसळते. पुन्हा अंथरुणात शिरते. नवरा उठवतो, ती पुन्हा निघते. दर दाराशी तेच वाक्य, तीच लाज. मध्ये एक गाणं लागतं आणि ती गाडीत चक्क गाते, अर्धा मिनिट बरी असते, आणि पुन्हा खाली जाते. आजारानंतरचं जगणं असंच पुढेमागे होत राहतं, आणि ते घराच्या हप्त्यांच्या, पगाराच्या जगात होतं. मुंबईत माझ्याकडे येणाऱ्यांची पहिली काळजी अनेकदा हीच असते: रजेच्या अर्जावर आजाराचं नाव येईल का, साहेबांना कळलं तर काय, प्रोबेशनमध्ये काढून टाकतील का. या सिनेमाने आजाराला कामाच्या जागी नेऊन बघितलं, म्हणून तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्यात मध्ये जीव देण्याच्या प्रयत्नाचा एक प्रसंग आहे, तो ध्यानात ठेवा. आधी तुम्ही एकट्या बघा.

दुसरा आपला 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्याला २०१६चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि ते जाणवतं. आलोक राजवाडेने साकारलेला मुलगा जगण्याकडे पाठ फिरवून निघालेला आहे. इरावती हर्षेची जानकी, जी स्वतः या वाटेवरून गेलेली आहे, त्याला कोकणातल्या घरी आणते. ती त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. खायला ठेवते, जवळपास वावरते, त्याचा तुसडेपणा सहन करते, पण कायमची दबूनही राहत नाही. तुमच्या आईंनी खास जानकीकडे बघावं. घरच्या माणसाने नक्की काय करायचं असतं याचं इतकं चांगलं उदाहरण मला मराठीत दुसरं माहीत नाही.

त्यातल्या कोकणाबद्दल मात्र बोललं पाहिजे. मुंबईच्या मराठी घरात कुणाला उदास वाटू लागलं की "चार दिवस गावाला पाठवा, मोकळ्या हवेत बरं वाटेल" हे ठरलेलं असतं. तिथे म्हातारी आजी, रिकामं घर, संध्याकाळी सातला सामसूम, आणि गोळ्यांची चिठ्ठी मुंबईत राहिलेली. मी अशा सहलींवरून आणखी खालावून आलेली माणसं पाहिली आहेत. सिनेमातला मुलगा सावरतो तो त्याच्याभोवती असलेल्या माणसांमुळे. समुद्र तर आपल्या दादरलाही आहे. भावाला गावी पाठवायचंच असेल तर सोबत समजूतदार माणूस हवा, गोळ्या हव्यात आणि डॉक्टरांना विचारलेलं हवं.

काय टाळावं हेही सांगते. आत्महत्येची कृती तपशिलात दाखवणारं काहीही नको. '१३ रीझन्स व्हाय' या मालिकेतला असा प्रसंग नेटफ्लिक्सने २०१९मध्ये स्वतःहून कापला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी चित्रपट आणि रंगभूमीवरच्या लोकांसाठी या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. अशा चित्रणाचा अनुकरणाशी संबंध असतो, तर संकटातून वाट काढणाऱ्या माणसाच्या गोष्टीचा उलटा, चांगला परिणाम होऊ शकतो, असं अभ्यासकांना दिसलं आहे. कुठलाही सिनेमा बघताना भाऊ गप्प झाला किंवा तुम्हाला शंका आली, तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचा सुटकेचा श्वास सुटतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते भेटत नसतील तर केईएम, सायन किंवा नायरला न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आणि तो "नको" म्हणाला तर सिनेमे राहू द्या. या आजारात दोन तास एका गोष्टीवर लक्ष धरणंच कष्टाचं असतं, मग स्वतःच्याच दुखण्याची गोष्ट बघणं तर दूर. त्याऐवजी मॅच लावा, एखादा जुना विनोदी सिनेमा लावा, तो मध्येच उठून गेला तर थांबवू नका आणि कारण विचारू नका. 'कासव' त्याला दाखवायचा असेल तर अजून महिना-दीड महिना जाऊ द्या, त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि रात्रीऐवजी रविवारी दुपारी लावा, म्हणजे नंतर संध्याकाळ हाताशी राहील आणि त्याला बोलावंसं वाटलं तर घरात सगळे जागे असतील.